अकरा नंबरची निरगाठ

२ मार्च, रविवार

ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे कुणाला मार्गदर्शन हवं असेल तर निवडक भाग देण्याचा विचार करता येईल, पण तो नंतरचा प्रश्न.

बोट आली. अठरा फुटी, सेकंडहँड, इंजिन चालू. धक्क्यावर अकरा नंबरची जागा मिळाली, पण कच्ची. बोट नीट बांधता येते की नाही हे ते लोक दोन महिने बघणार. तेवढ्यात तीन शेरे पडले, की जागा वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला. नाही पडले, तर तीस एप्रिलला तपासणी आणि जागा पक्की.

मला परीक्षा. मी चौतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फाइलींचे गठ्ठे बांधले. कापडात गुंडाळायचे, चारी बाजूंनी आवळायचे, वर निरगाठ मारायची. माझा एकही गठ्ठा कधी सुटला नाही. काही तर अजूनही सुटलेले नाहीत, आत काय आहे ते आता कुणालाच माहीत नाही. याला बांधणं म्हणतात.

धक्क्याची देखरेख एक म्हातारा करतो. रबरी चपला, कानावर पेन्सिलीचा तुकडा, बोलणं पाच शब्दांच्या वर नाही. खुंटे सगळे जणू याच्या मालकीचे. त्याचं नाव खुंटेश्वर ठेवलं आहे. त्याने विचारलं, आधी कधी बांधली आहे का. म्हणालो, चौतीस वर्षं बांधतोय. काय ते सांगितलं नाही.

संध्याकाळी सहाला भरती पूर्ण होती, बोट धक्क्याच्या बरोबरीला आलेली. चार दोर घेतले, चारी आवळले. बोट आणि धक्का यांच्यात पोस्टकार्ड सरकणार नाही इतकं चोख काम. प्रत्येक खुंट्यावर निरगाठ, तिच्यावर आणखी एक. खुंटेश्वर म्हणाला, ढील ठेवा, पाणी उतरेल. मी म्हणालो, उतरू दे की. तो मान हलवून पुढच्या बोटीकडे गेला. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतोच.

सौ. थर्मास घेऊन आली होती. पाणी साधारण किती उतरतं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तुला काय करायचं आहे. चहा ओत.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

दुपारी बाराला धक्क्यावरून फोन आला, लगेच या म्हणून.

बोट दोरांवर टांगलेली होती. पाणी पुरुषभर खाली गेलेलं, बोट जिथल्या तिथे, एका अंगावर कललेली. आतल्या गाद्या, बादली, वाचायचा चष्मा आणि निरोप समारंभात ऑफिसने दिलेली कॅप्टनची टोपी पाण्यात. पुढची लोखंडी कडी वाकली. बघे जमले. एकाने फोटो काढला, त्याला मी त्याचं नाव विचारलं, तो निघून गेला.

खुंटेश्वराला माझी निरगाठ सुटेना. मलाही सुटली नाही, पण ती मुळात सुटण्यासाठी नव्हतीच. भरतीचं पाणी परत बोटीखाली येईपर्यंत तीन तास सगळे उभे. मग त्याने सुऱ्याने दोर कापले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘दोर अति ताठ’. शेरा पहिला.

दोर ताठ नव्हते. पाणी कमी पडलं.

६ मार्च, गुरुवार

नवे दोर आणले. ढील हवी ना, घ्या ढील. प्रत्येक दोर वीस हात. समुद्राला काय चढायचं उतरायचं ते चढ म्हणावं.

८ मार्च, शनिवार

रात्री वारा सुटला. बोट चारी दोरांवर मोकळी फिरली आणि आडवी होऊन बारा नंबरच्या बोटीला धडकली. ती बोट एका दातांच्या डॉक्टरची. पांढरीशुभ्र, तिच्यावर आता माझ्या बोटीचा निळा पट्टा उमटला आहे. खुंटेश्वराने लिहिलं, ‘दोर अति सैल’. शेरा दुसरा.

सोमवारी ताठ, शनिवारी सैल. एकच माणूस, एकच पेन्सिल. रेकॉर्ड रूममध्ये असल्या विसंगत नोंदीवर मी लेखी खुलासा मागवला असता.

दातवाला भांडला नाही. रंगाचं राहू द्या, पण बांधायला शिकून घ्या, म्हणाला, आणि वर हसला. दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरणारा माणूस मला शहाणपण शिकवतो.

९ मार्च, रविवार

आज धक्क्यावर खुंटेश्वर आणि दातवाला यांनी माझ्यासाठी शिकवणी ठेवली. मी निरीक्षक म्हणून हजर राहिलो.

त्यांचं म्हणणं असं. एक दोर पुढे, एक मागे, आणि दोन तिरके. तिरक्यातला एक बोटीच्या पुढच्या टोकापासून मागच्या लांबच्या खुंट्यापर्यंत, दुसरा मागच्या टोकापासून पुढच्या लांबच्या खुंट्यापर्यंत. दोर लांब असला की पाणी चढलं काय, उतरलं काय, त्याला फारसा फरक पडत नाही. तिरका असला की बोट पुढेमागे धावत नाही. आणि एवढं करूनही पहिल्या दिवशी बांधून घरी जायचं नाही. थांबायचं, पाणी कसं वागतं ते बघायचं, मग इथे हातभर सोडायचं, तिथे वीतभर घ्यायचं. म्हणजे बांधल्यावर परत बांधत बसायचं. पहिल्यांदा जमलं नाही याची ही कबुलीच झाली.

सौ.ने चौदा प्रश्न विचारले. मी मोजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो खुंटेश्वर माझ्याशी पाच शब्दांवर बोलत नाही तो तिच्याशी अर्धा तास बोलला. मग त्याने दोर तिच्याच हातात दिला. तिने खुंट्याला गाठ मारली, टोक ओढलं, गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिघेही खूश. सुरगाठ. ओढली की सुटते तिला गाठ कशाला म्हणायचं, हे मी विचारलं. त्यावर सौ.ने ती तिसऱ्यांदा मारली.

रात्री. दोन शेरे झाले. आता एकच उरला. निरोप समारंभाच्या भाषणात मी सांगून बसलो आहे, की यापुढे मी धक्क्यावर भेटेन. तेव्हा माझ्या जागी नेमलेला तो खुर्चीवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, सर, पोहता येतं ना. लोक हसले. अकरा नंबर गेला तर रोज सकाळी उठून मी जाणार कुठे, हा खरा प्रश्न आहे. तो इथे लिहून ठेवतो आणि पान उलटतो.

१२ मार्च, बुधवार

स्वतःची पद्धत तयार केली. ना ताठ, ना सैल. निरगाठ कायम, पण आवळताना मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि सातला थांबायचं. वेळ रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच. तक्ता केला. धक्क्यावर कुणाला काही विचारायचं नाही. शिकवणीतले दोन तिरके दोर बोटीत गुंडाळून ठेवले आहेत. शोभेला असू देत.

सौ. आजपासून संध्याकाळी फिरायला जाते म्हणाली. सहा ते सव्वासात. गुडघ्यांसाठी. मी परवानगी दिली. जेवण मात्र वेळेवर पाहिजे, हे स्पष्ट केलं.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ८

बोट जागेवर. सरळ. धक्क्यापासून हातभर अंतर, ना जास्त ना कमी. खुंटेश्वराने रजिस्टर उघडलं, बघितलं, मिटलं. पेन्सिल कानावरून काढलीसुद्धा नाही. तोंडात मारल्यासारखा दिसत होता.

पहिल्याच दिवशी. चौतीस वर्षांचा अनुभव.

१७ मार्च, सोमवार

पाचही दिवस निर्दोष. एक चमत्कारिक गोष्ट नोंदवून ठेवतो. संध्याकाळी मी निरगाठ मारून जातो, सकाळी तिथे वेगळ्याच आकाराची गाठ असते. चपटी, पसरलेली, एका बाजूला टोक बाहेर. ओढलं की सुटते. दोन दिवस विचार केला. आज उलगडा झाला. गाठ खाऱ्या हवेत रात्रभर मुरते. मुरता मुरता आकार बदलते. ही गोष्ट आजवर कुणाच्याच लक्षात आलेली नाही, कारण या लोकांना निरीक्षणाची सवय नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी दोन्ही तिरके दोर बांधलेले आढळले. ते बांधल्याचं मला आठवत नाही. पण निष्णात माणसाचं असंच होतं. डोक्याला कळायच्या आत हात काम करून मोकळे होतात. पूर्वी रेकॉर्ड रूममध्येही मी जेवणाच्या सुट्टीत नकळत गठ्ठे बांधायचो. एकदा शिपायाचा डबा बांधून ठेवला होता.

जेवण आठ वाजता. काल पावणेआठ. सौ.ला बोललो. ती हं म्हणाली.

२५ मार्च, मंगळवार

बागेतल्या नळीचा दीड हात तुकडा चोरीला गेला. सफाईने कापलेला. पूर्ण नळी सोडून तुकडा नेणारा चोर कसल्या दर्जाचा असेल. समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांवर संशय आहे. त्यांच्याकडे बघायचं बंद केलं. सौ.ला विचारलं तर म्हणाली, जुनी नळी, जाऊ द्या. हिला वस्तूंची किंमतच नाही.

३१ मार्च, सोमवार

सौ.ने ताट वाढताना तिचा तळवा दिसला. घट्टे पडले आहेत, दोन बोटांवर सोललं आहे. मी म्हणालो, साबण बदल. ती हसली. अलीकडे ती कारण नसताना हसते. भांडी घासताना गुणगुणतेही. वय झालं की असं होतं, असं वाचलं आहे.

फिरण्याने गुडघे सुधारले का ते विचारायचं राहिलं. उद्या विचारू.

६ एप्रिल, रविवार

धक्क्यावर आता माझा शब्द चालतो. आज सात नंबरवाल्याला गाठ मुरण्याबद्दल सविस्तर सांगितलं. तो ऐकता ऐकता बोटीत उतरला आणि इंजिन सुरू करून निघून गेला. विचार करायला वेळ हवा असेल.

दातवाल्याने विचारलं, तुमची बोट छान बांधलेली असते हल्ली, कोण बांधतं. मी म्हणालो, दुसरं कोण बांधणार. त्याने खुंटेश्वराकडे पाहिलं. खुंटेश्वर समुद्राकडे बघायला लागला. मत्सर ही वाईट गोष्ट आहे.

१३ एप्रिल, रविवार

‘गाठ मुरण्याची प्रक्रिया: काही निरीक्षणं’ हा अहवाल पूर्ण. सात पानं, दोन आकृत्या. प्रत खुंटेश्वराकडे दिली, वरच्या साहेबांना पाठवा म्हणून. त्याने कागद चार घड्या करून खिशात घातले. दुपारी पाहिलं तर ते त्याच्या खोलीच्या खिडकीत, वाऱ्याने वाजणाऱ्या झडपेखाली खुपसलेले होते. पहिल्या पानावर चहाचा डाग. अडाणी माणसाच्या हाती विद्या दिली तर दुसरं काय होणार.

१९ एप्रिल, शनिवार

ऑफिसमधल्या चौघांना आणि खुर्चीवाल्याला तीस तारखेचं आमंत्रण दिलं. सकाळी दहाला धक्क्यावर या, तपासणी बघा, मग फेरी मारू. खुर्चीवाल्याने फोनवर विचारलं, सर, बुडणार नाही ना. म्हणालो, ज्याने अठरा हजार फाइली बांधल्या त्याच्या हातून काही बुडत नाही. तो म्हणाला, त्यातल्या दोन हजार सध्या सापडत नाहीत. फोन ठेवला.

२५ एप्रिल, शुक्रवार

सौ.च्या बहिणीचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन. सौ. उद्या सकाळच्या गाडीने जाणार, एकोणतीसला परत. डबे भरून ठेवले, कुठल्या दिवशी काय खायचं त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. मी काय लहान मूल आहे.

रात्री झोपताना म्हणाली, एक ऐकाल का. मी येईपर्यंत दोरांना हात लावू नका, आहेत तसे राहू द्या, अमावास्येचं उधाण आहे. तीनदा म्हणाली. अमावास्येचं उधाण म्हणे. फिरायला जाऊन कुठल्यातरी बाकावर बसून असलं ऐकून येत असेल. हो म्हणालो. हो म्हटल्याशिवाय ती दिवा मालवू देत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी तिला गाडीत बसवलं. घर शांत. चिठ्ठीप्रमाणे जेवलो.

संध्याकाळी धक्क्यावर गेलो आणि चोरीचा माल सापडला. माझ्याच बोटीवर. मागचा दोर धक्क्याच्या कडेवरून जिथे वळतो तिथे त्याच्यावर नळीचा तुकडा चढवलेला. तीच नळी. हिरवी, पांढरी रेघ. माल लपवायला चोराला माझीच बोट सापडावी, म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली. तुकडा काढून पुरावा म्हणून घरी आणला. समोरच्या मास्तरांच्या फाटकावर उद्या ठेवावा का, विचार चालू आहे.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

बोटीकडे नीट पाहिलं. तीन दिवसांनी पाहुणे येणार, आणि दोर कसे. कुठे पोट सुटलेलं, कुठे तिरकं, एक इथे एक तिथे. गाठी मुरून मुरून अगदी लिबलिबीत झालेल्या. ऑफिसात असा गठ्ठा समोर आला असता तर मी तो फेकून दिला असता. सगळं सोडलं. नव्याने बांधलं. भरती फुल्ल होती, पाणी धक्क्याच्या कडेला टेकलं होतं, अगदी सोयीची उंची. चार दोर, चारी सरळ, चारी आवळून. सातला थांबलो नाही, दहापर्यंत गेलो. वर निरगाठ. लांबून बघितलं. डोळ्याचं पारणं फिटलं.

खुंटेश्वर खोलीत जेवत होता. त्याला बोलावून दाखवण्याची गरज वाटली नाही.

२८ एप्रिल, सोमवार. दुपारी १२.२०

फोन. निघालो.

रात्री ९

थोडक्यात लिहितो. पाणी कधी नव्हे इतकं उतरलं. पुढचे दोन दोर धरून राहिले. मागचा एक धक्क्याच्या कडेवर घासून तुटला, जिथून मी नळी काढली होती तिथेच. दुसऱ्याने कडी उपटून काढली. बोटीचं पुढचं टोक वर टांगलेलं, मागचं पाण्यात, इंजिन बुडालेलं. दातवाला खुर्चीवर पेशंट तसाच सोडून आला होता. डॉक्टरी कोट घालून गळ्याइतक्या पाण्यात उतरून बोट खांद्यावर तोलून धरत होता. खुंटेश्वराने दोर कापले. मग दोघांनी चार तास पंप मारला. मी बादलीने पाणी काढलं.

शेवटी खुंटेश्वराने रजिस्टर आणलं. कानावरची पेन्सिल काढली. तिसरा शेरा. मी तयार होतो, पावसाचं, वाऱ्याचं, दोराच्या कारखान्याचं, सगळं तोंडाशी आलं होतं. त्याने पेन्सिल टेकवली, थांबला, आणि विचारलं, बाई कुठे आहेत. परगावी, म्हणालो. कधी येणार. उद्या. त्याने पेन्सिल परत कानावर ठेवली. आल्या की पाठवा, म्हणाला.

पाठवा. माझी बायको, आणि हा म्हणतो पाठवा. संबंध काय. बोट माझी, पाण्यात गेली माझी, आणि बाई कुठे आहेत.

झोप येत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

गाडी तीनला आली. मी स्टँडवर होतो. काय झालं ते सांगायला सुरुवात केली, हवामानापासून. अर्धं ऐकून तिने विचारलं, नळी काढलीत का. मी म्हणालो, कसली नळी. ती पिशवी माझ्या हातात देऊन रिक्षात बसली आणि धक्का म्हणाली. मी दुसऱ्या रिक्षाने गेलो.

डिझेलच्या पिंपांमागे उभा राहिलो. का ते माहीत नाही.

तिने चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि कडेला गुडघे टेकून बसली. त्याच त्या गुडघ्यांवर. दोर एक एक हातात घेऊन तपासला, एक फेकून दिला. पुढचा बांधला. मग काहीच केलं नाही. दोरावर नुसता हात ठेवून पाण्याकडे बघत राहिली. बोट वर आली, खाली गेली. तिने हातभर दोर सोडला. पुन्हा थांबली. वीतभर घेतला. तिरका दोर लांबच्या खुंट्याला नेला. चपटी, पसरलेली गाठ, एका बाजूला टोक बाहेर. ती गाठ मी पंचेचाळीस सकाळी पाहिली आहे. तिच्यावर सात पानं लिहिली आहेत.

दातवाला तिला दोर देत होता. खुंटेश्वर बाजूला उभा होता. त्याने तिला विचारलं, मागची कडी गेली, मागचा दोर आता कुठे घेऊ या. त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, मधल्या खांबाला घेऊ, उधाण आहे तोवर. तो बरं म्हणाला. मग काहीतरी बोलणं झालं आणि ती मोठ्याने हसली. इतकं मोठ्याने ती घरात कधी हसल्याचं मला आठवत नाही.

मला वाईट वाटलं. बोटीचं नाही.

रात्री विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, फिरायला कुठे जाते, हे तुम्ही कधी विचारलंत का. मी ही वही चाळली. जेवण उशिरा झाल्याच्या नोंदी आहेत. ते विचारल्याची नाही. गुडघ्यांचं उद्या विचारू असं एक आहे, ते उद्या आलं नाही.

मग म्हटलं, पण का. रोज, पंचेचाळीस दिवस. ती उशीचा अभ्रा घालत होती. म्हणाली, जागा गेली असती तर तुम्ही दिवसभर घरात असता. मग उशी जागेवर ठेवून म्हणाली, पहिला आठवडा तेवढ्यासाठी गेले, मग मला आवडायला लागलं.

दिवा तिने मालवला.

३० एप्रिल, बुधवार

तपासणीचे साहेब दहाला आले. ऑफिसचे पाचही जण आधीच हजर. इंजिन मेकॅनिककडे आहे, त्यामुळे फेरी नाही, हे सांगितलं. खुर्चीवाला म्हणाला, सर, मग बांधून तरी दाखवा. साहेबही तेच म्हणाले. नियमच तसा आहे. बोट सोडायची, परत बांधायची, अर्धा तास थांबायचं, साहेब बघणार.

खुंटेश्वराने दोर सोडले. मालक कोण, साहेबांनी विचारलं. मी पुढे झालो. पुढचा दोर हातात घेतला. सगळे बघत होते. सौ. मागे, ऑफिसच्या लोकांच्याही मागे उभी होती. तिने आज बोटीकडे बघितलंसुद्धा नाही, पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. ती एक शब्द बोलणार नाही हे मला कळलं. मी बांधली असती तरी बोलली नसती.

दोराचा पहिला वेढा खुंट्यावर घातला. दुसरा घातला. हात आवळायला लागले. बोट जवळ आली, आणखी जवळ आली.

वेढे काढले. दोर तिच्याकडे नेऊन दिला. माझा खांदा दुखतोय, असं साहेबांना म्हणालो. खांदा दुखत नव्हता.

खुर्चीवाला काहीतरी बोलला. काय ते ऐकलं नाही.

तिने पिशवी खाली ठेवली. मागचा दोर बांधला, मग तिरके. हे चालू असताना पुढचं टोक कुणीतरी धरायला हवं होतं. तिने दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नुसतं धरा, बांधू नका. धरून उभा राहिलो. साहेबांच्या घड्याळात चौदा मिनिटं. हाताला रग लागली. पाणी बोट ओढत होतं, सोडत होतं. दोन महिन्यांत हे पहिल्यांदा हाताला कळलं. मग तिने दोर घेतला.

अर्ध्या तासाने साहेब म्हणाले, उत्तम. रजिस्टर उघडलं. अकरा नंबर पक्का. ‘बोट बांधण्यास जबाबदार’ या रकान्यात तिचं नाव होतं. आज लिहिलेलं नाही, पेन्सिल फिकट झाली होती. तारीख बारा मार्च. माझं नाव खाली, ‘सोबत येणारे’ या रकान्यात. साहेबांनी विचारलं, बरोबर आहे ना. बरोबर आहे, म्हणालो.

ऑफिसच्या लोकांनी फोटो काढले. सौ. आणि बोट. एकात मी आहे, कडेला, अर्धा.

संध्याकाळी ५.४५

ती चपला घालते आहे. येऊ का, म्हणून विचारलं. बघू, म्हणाली.